मदत हवी आहे: पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन
नमस्कार मंडळी. बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी घरच्या शेडमध्येच पुन्हा उभी करतोय. मूळ १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉकच तडकलाय, म्हणून प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं ११७१ सीसी निसान इंजिन गिअरबॉक्ससकट घेतलंय. दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यामुळे मेळ बसेल असं वाटतं. इंजिन बसवायचं माउंटिंग ओळखीचा वेल्डर करून देतोय.

खरी अडचण गिअरची. पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगपाशी, ११८ एनईचा खाली फ्लोअरवर. पत्रा नेमका कुठे कापायचा? प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याची) लांबी बदलून पुन्हा बॅलन्स करावा लागला का? आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायला आरटीओची परवानगी आधीच घ्यायची ना? कुणी केलं असेल तर फोटो टाका. बाबांना याच गाडीतून पंढरपूरला न्यायचंय.