‘रवा धरणे’, ‘कीटण’ आणि ‘कीड’

प्रश्न : दंततपासणी शिबिरासाठी माहितीपत्रक लिहितेय. ‘लाळेतील कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिकीभवन होऊन दंतशर्करा निर्माण होते’ हे वाक्य शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे लाळेची साखर होते का गं?” रोजच्या बोलण्यातले शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : आजींचं काही चुकलं नाही. ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडी, वाळू. त्या अर्थाने ‘दंतशर्करा’, म्हणजे दातावर चढणारा टणक थर, हा शब्द चपखल आहे. पण आजच्या वाचकाला त्यात साखरच दिसणार. सरळ ‘कीटण’ लिहा, तव्यावर चढतं तेच.

स्फटिकीभवनाला, म्हणजे द्रवात कण धरण्याला, तर स्वयंपाकघरातच शब्द आहेत. तूप रवा धरतं, मध साखरतो. मधात पाण्याच्या मानाने साखर मावेल त्याहून जास्त विरघळलेली असते, म्हणून जरा निमित्त मिळालं की तिचा रवा होतो. लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट असंच मावेल त्याहून जास्त असतं. तरी स्वच्छ दातावर खडे चढत नाहीत, कारण स्टॅथेरिनसारखी लाळेतली प्रथिनं रवा धरू देत नाहीत. घासायच्या राहिलेल्या चिकट थरात मात्र तो धरतो, आणि थराचं कीटण होतं.

प्रतिसाद : ‘कीटण’ आणि ‘कीड’ यांची गल्लत होऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती. कानाला जवळचे वाटले तरी कूळ वेगळं. कीटणाचं मूळ ‘किट्ट’, म्हणजे मळ, गंज. कीड आली ‘कीट’वरून, म्हणजे किडा. आणि दातावर घडतं तेही अगदी उलट: कीटणात खनिज चढतं, किडीत ते उतरतं.

दाताच्या वरच्या आवरणात, म्हणजे दंतवल्कात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. हायड्रॉक्सिअपेटाइट, कॅल्शियम फॉस्फेटचाच एक प्रकार. गोड खाल्लं की जिवाणू आम्ल तयार करतात. पीएच हे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त; तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्क विरघळू लागतं. लाळेने आम्ल निवलं की खनिज परत बसतं. दिवसभर ही ये-जा चालू असते. ‘कीड लागली’ म्हटलं की माणूस किडा शोधतो आणि सगळं संपलं असं धरून चालतो. पण खड्डा पडण्याआधीचा पांढरा डाग फ्लोराइड आणि नीट घासण्याने थांबू शकतो, काही वेळा भरूनही येतो. म्हणून पत्रकात ‘कीड’ ठेवा, लोकांचा तोच शब्द आहे. पण पुढे ‘म्हणजे आम्लाने दात विरघळणं’ एवढं जोडाच.

प्रश्नकर्ती : आता असं केलंय: ‘लाळेतल्या क्षारांचा दातावरच्या चिकट थरात रवा धरतो, त्याचं कीटण होतं.’ आजी म्हणाल्या, “हां, मिठागरात धरतं तसं.” त्या उरणच्या आहेत.

प्रतिसाद : मिठागर! याहून चांगला दाखला नाही.

जाता जाता, मुतखड्याबद्दल ‘विरघळला’ हे क्रियापद जपून वापरावं. युरिक आम्लाचा खडा लघवीतलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. कॅल्शियम फॉस्फेटचा खडा तर आम्ल कमी असलेल्या लघवीतच धरतो; तो औषधाने विरघळत नाही, पडतो किंवा फोडावा लागतो. गावाकडे ‘खडा पडला’ म्हणतात, तेच बरोबर.