जुनी लाकडी एंटरप्राइज होडी फुकट मिळतेय, घेऊ का?

पाणकोंबडा:
नमस्कार मंडळी. मी नॉटिंगहॅमजवळ राहतो. गावाबाहेर खडीच्या जुन्या खाणीत पाणी साठून तळं झालंय, त्यावर एक छोटा सेलिंग क्लब आहे. गेल्या वर्षी बायकोने वाढदिवसाला शिकवणीचे सहा वर्ग भेट दिले. तेव्हापासून रविवारी मी घरच्या कुठल्याच कामाचा उरलेलो नाही, असं तिचं म्हणणं.

क्लबातले एक आजोबा (वय ८१) त्यांची प्लायवुडची एंटरप्राइज मला फुकट देतायत. निळी शिडं, वॉर्निशचं डेक, बघताच जीव जडावा अशी. पण १२ वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. दुसरीकडे २०० पौंडांत एक मिरर मिळतेय: लाल शिडं, बुटकी, नाक कापल्यासारखं तोंड. तरुण पोरं म्हणतात दोन्ही सोडा, लेझर घ्या. मुलगी ९ वर्षांची आहे, तिला बरोबर न्यायचंय. मोटारीला ट्रेलर ओढायचा हूक नाही. जुन्या लाकडात नेमकं काय बघायचं?

रेवसकर:
फुकट ते पौष्टिक, हे होडीला लागू नाही. होडी आणि म्हैस दारात बांधली की रोज काहीतरी मागते, आणि म्हैस निदान दूध देते. बाकी जाणकार सांगतीलच.

जिबवाली:
पाणकोंबडा, एंटरप्राइजचं नाव वाचत बसले आणि कढईतले पोहे खाली लागले.

मी या होडीत पुढे बसायचे, म्हणजे क्रू. १९७८ ते ८३, मुंबई बंदरात. यजमान नौदलात. सुकाणू त्यांच्या हातात, जिबची म्हणजे पुढच्या लहान शिडाची दोरी माझ्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. होडीत नवरा ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात घरी बोलला असता तर मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले असते.

तुमची ही होडी जॅक होल्टची. लंडनमध्ये पटनीला त्याचा होड्या बांधायचा कारखाना होता. १९५६ साली ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाने ती पुरस्कृत केली, आणि गाजावाजा व्हावा म्हणून पहिल्या दोन होड्या रातोरात इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या. तेरा फुटांची उघडी होडी आणि रात्रीची ती खाडी! आमच्या ह्यांना ही गोष्ट फार आवडायची. मला मात्र त्या दोन क्रूंचे गारठलेले हात आधी आठवायचे. दैनिक १९६० मध्ये बंद पडलं. होडीचे शिडावरचे क्रमांक २३,००० च्या पुढे गेले.

होल्टची करामत समजायची तर त्याच्या आधीचं बघावं लागतं. १९२८ मध्ये होड्यांचे आराखडे काढणाऱ्या उफा फॉक्सने ‘अ‍ॅव्हेंजर’ ही चौदा फुटी होडी शर्यतींत उतरवली. ५७ शर्यतींत ५२ पहिले नंबर. वारा चांगला असला की ती पाणी कापत नसे, पाण्यावर चढून घसरत जायची. पण तसली गोल पोटाची होडी बांधायला कसलेला सुतार आणि भरलेला खिसा लागे. मग युद्ध झालं, विमानांसाठी चांगला प्लायवुड आणि पाण्याला न हरणारा डिंक आला. फॉक्सच्याच आराखड्यावरची ‘फायरफ्लाय’ १९४६ पासून फेअरी या विमानवाल्यांच्या घरातच बनायला लागली, विमानासारखी साच्यात भाजून. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये वीस वर्षांच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने आपलं पहिलं सुवर्ण तिच्यावरच मिळवलं. होल्टने साचासुद्धा काढून टाकला. प्लायवुडचे सपाट तक्ते घ्यायचे आणि पोटाची गोलाई प्रत्येक बाजूला दोन कडा काढून भागवायची. शाळामास्तरानेही गॅरेजमध्ये बांधावी अशी होडी. तुमची होडी उलटी करा, त्या कडा बोटांना लागतील.

आता तिचा स्वभाव. वाऱ्याच्या तोंडावर ती गुणी आहे. पाठीवर वारा घेतला की मात्र झुलते. तिला स्पिनकर, म्हणजे पाठवाऱ्याचं फुग्यासारखं शीड नाही, म्हणून मेन (मोठं शीड) एका अंगाला सोडायचं आणि जिब काठी लावून दुसऱ्या अंगाला. मग ती डावी-उजवीकडे डोलायला लागते, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. एकदा दुपारी खारा वारा जोरात, उधाणाची ओहोटी त्याच्या विरुद्ध धावत होती, आणि गेटवेसमोर आखूड, उभ्या लाटा उठलेल्या. हे म्हणाले, “हलू नकोस.” मी हलले नाही. होडी हलली. आम्ही दोघं पाण्यात, मी मंगळसूत्र दातात धरून सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून निघणाऱ्या फळीवर चढतेय, आणि ससून डॉककडे निघालेल्या मचव्यातून एक कोळी ओरडला, “बाय, मावरं गावलं का?” त्या दिवशी घरी पाच-सहा तास कुणी कुणाशी बोललं नाही.

१९८२ चं एशियाड दिल्लीत, पण शिडांच्या शर्यती आमच्या दारात, मुंबई बंदरात झाल्या. फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण घेतलं. फायरबॉल म्हणजे १९६२ ची, पीटर मिल्नने काढलेली, लांब आणि चपटी होडी. तिच्यात क्रू तारेला लटकून बाहेर झोकून देतो. मला एकदाच लटकवलं होतं. पुन्हा विचारलं नाही, मीही सुचवलं नाही.

असो, लाकूड. बोथट स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि आजोबांची परवानगी घ्या, याच क्रमाने नको. सेंटरबोर्ड ज्या पेटीत वरखाली होतं ती पेटी तळाला जिथे चिकटते, तिथे आधी दाबा. मग डोलकाठीच्या पायाखाली. मग डोलकाठीच्या तारा बाजूला जिथे पकडलेल्या असतात तिथे. आणि मागच्या फळीचे खालचे दोन कोपरे. ताडपत्रीखाली पाणी तिथेच मुरतं. बोटाने ठोका. टणक वाजलं तर ठीक, ओल्या पुठ्ठ्यासारखं वाजलं तर वॉर्निशला भुलू नका. जुन्या होड्यांत तरंगायला हवेच्या पिशव्या असतात. त्या फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबून बघा. पिशवी बसली तर उलटलेली होडी सरळ झाल्यावर बादली घेऊन बसावं लागेल. वजनही करा. बांधणीच्या वेळी नव्वद किलोंच्या आसपास असलेली होडी बारा वर्षांत किती पाणी प्यायलीय ते काटा सांगेल.

लेझर उत्तम होडी आहे. पण ती एकट्याची. मुलीला काय शिडाच्या खिशात ठेवणार?

मिररला बुटकी म्हणू नका हो. तीही होल्टचीच, १९६२-६३ ची, जोडीला टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा बॅरी बकनेल. ‘डेली मिरर’ने खोका विकला, ६३ पौंड ११ शिलिंग. तक्ते तांब्याच्या तारेने गोधडीसारखे शिवायचे, शिवणीवर काचेच्या धाग्याची पट्टी आणि राळ फासायची, झाली होडी. सत्तर हजारांहून जास्त झाल्या. रिकामी होडी ४५ किलोंची, म्हणजे मोटारीच्या टपावर जाते, तुमच्या हुकाचा प्रश्न मिटला. डोलकाठी आखूड, वरचा तुकडा आपल्या मचव्याच्या परबाणासारखा (शिडाच्या तिरक्या काठीसारखा) दोरीने वर चढतो. उतरवलं की सगळं होडीच्या आत मावतं. नऊ वर्षांची मुलगी तिचं जिब ओढू शकते. एंटरप्राइजचं जोरात भरलेलं जिब मला दोन हातांनी ओढवत नसे, आणि मी तेव्हा २३ ची होते.

कालव्याकाठी:
नेदरलँड्समधून. जिबवाली ताई, वाचताना ओला झालो.

पाणकोंबडा, एकच प्रश्न: तुमच्या तळ्यावर दुसरी एंटरप्राइज आहे का? आमच्याकडे जॉर्ज कॉकशॉट या इंग्रजाने १९१३ च्या सुमारास काढलेली बारा फुटी डिंगी अजून शर्यतींत उतरते. फळीवर फळी चढवलेलं लाकूड, एकच शीड. तिच्याहून वेगवान शंभर होड्या आल्या. ही टिकली कारण शेजारी तिच्यासारखी दुसरी असते. १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये हिच्या दोनच होड्या होत्या, दोन्ही डच. बेल्जियममध्ये शर्यत पुरी होईना, तेव्हा दोघांनाही घरी आम्सटरडॅमला पाठवून उरलेल्या फेऱ्या तिथे घेतल्या. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही डचांचंच, ठरायचं होतं फक्त कुणाला कुठलं.

पाणकोंबडा:
तळ्यावर एंटरप्राइज एकही नाही. मिरर चार आहेत.

शनिवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. सेंटरबोर्डच्या पेटीपाशी दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. मी ओशाळून आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, त्यांना तीन वर्षांपासून माहीत होतं. होडी तोडायचा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घ्यावा असं वाटत होतं. चहा प्यायलो. त्यांची क्रू म्हणजे त्यांची बायको होती. ती बारा वर्षांपूर्वी गेली. ताडपत्री तेव्हाची.

मिररचे पैसे दिले. आजोबांनी निळं मेन मला जबरदस्तीने दिलं. मिररला ते बसणार नाही हे त्यांनाही कळतं. आता शंका एकच: मिरर एवढी संथ, शर्यतीत आम्ही कायम शेवटीच का?

जिबवाली:
आजोबांना माझा नमस्कार सांगा.

शेवटी याल, पण हराल असं नाही. तिथे क्लबात पोर्ट्समथचा आकडा चालतो: प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा, होडी संथ तर आकडा मोठा. लागलेला वेळ गुणिले हजार भागिले होडीचा आकडा. एंटरप्राइजचा अकराशेच्या थोडा वर, मिररचा जवळपास चौदाशे. एंटरप्राइजला ६० मिनिटं लागली तर हिशेबात ती साडेत्रेपन्न होतात. तुम्ही दहा मिनिटं मागून, ७० मिनिटांनी आलात तरी तुमची पन्नास. मुलीला हे गणित आधी शिकवा, म्हणजे पुढचे सगळे गेले तरी ती रडणार नाही.

निळं शीड घडी घालून कपाटात ठेवू नका, घडीवर विरतं. गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि गुंडाळून ठेवा. सांधा उसवला असेल तर कळवा, माझ्याकडे शिडाची सुई अजून आहे.