मॉडर्न ब्रिटिश: आतून फ्रेंचच ना?

पिठीसाखर
लंडनचं 'मॉडर्न ब्रिटिश' फाइन डाइनिंग म्हणजे फ्रेंच भटारखान्यात इंग्लंडचा भाजीपाला, असं माझं मत. शेफ क्लेअर स्मिथ यांच्या 'कोअर' या रेस्टॉरंटची (सुरुवात २०१७, मिशेलिन गाइड उत्तम रेस्टॉरंटांना देतं तो तारा तिसऱ्यांदा २०२१) गाजलेली डिश बघा. शार्लट जातीचा एकच बटाटा, वर ट्राउट-हेरिंगची गाबोळी आणि सोबत डल्स या समुद्री शेवाळाचं ब्यर ब्लां, म्हणजे लोण्याचा फ्रेंच सॉस. बटाटा भले ब्रिटिश, पण डिश तोलून धरतो तो सॉस. छोटा कांदा, वाइन, व्हिनेगर आटवून चमचा-दोन चमचे उरले की मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे एकेक फेटत जायचं. साठ अंशांच्या वर गेलं की फाटलंच, तूप वेगळं, पाणी वेगळं. ही विद्या फ्रान्समधल्या नांत शहराची, लंडनची नव्हे.

मिरगुंड
सॉसवरून जात ठरवायची तर लंडनमधल्याच स्मिथफील्डच्या 'सेंट जॉन' रेस्टॉरंटचं काय करणार? फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली जुन्या स्मोकहाउसमध्ये सुरू केलेलं. तिथली ओळख म्हणजे भाजलेली नळी. वासराच्या मांडीच्या हाडाचे तीनेक इंची तुकडे, कडक ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं. मगज सैल होऊन थलथलला पाहिजे. पाच मिनिटं जास्त झाली की वितळून ट्रेमध्ये, हाड पोकळ. सोबत जेमतेम चिरलेली पार्सली, कागदासारखा कांदा, केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या), लिंबू, ऑलिव्ह तेल, टोस्ट आणि जाडं मीठ. सॉस औषधालासुद्धा नाही. नळी ओरपणाऱ्यांना हे फ्रेंच कसं वाटावं?

पिठीसाखर
पण ते फाइन डाइनिंग कुठे? कागद अंथरलेली टेबलं आहेत तिथे.

मिरगुंड
तारा २००९ साली मिळालाय. टेबलक्लॉथ मोजायचे की ताट?

चुलाण
दोघेही चिप्स विसरलात. वेफर्स नव्हे, जाड तळलेले बटाट्याचे तुकडे. ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लूमेंथाल यांची तिहेरी पद्धत: मॅरिस पायपर बटाटा, २×२×६ सेंमी तुकडे, पाच मिनिटं वाहत्या पाण्याखाली, म्हणजे वरचा स्टार्च जातो. मग वीसेक मिनिटं मंद उकळायचे, अगदी मोडायच्या बेतात येईपर्यंत. जाळीवर निथळून तासभर फ्रीझरमध्ये. १३० अंशांवर पाचेक मिनिटं तळणी, पुन्हा फ्रीझर, शेवटी १८० वर सातेक मिनिटं. शेंगदाणा तेल चालतं.

पिठीसाखर
दोनदा तळणं बेल्जियमचं आहे हो!

चुलाण
तळणं असेल. इथला मुद्दा उकळण्याचा आहे. कड फुटून भेगा पडतात, त्यात तेल शिरून काचेसारखं कवच होतं. घाबरून दहाव्या मिनिटाला बाहेर काढले तर भेगा नाहीत, कवचही नाही. फ्रीझर टाळला तर आतली वाफ पाच मिनिटांत कवच मऊ करते.

मिरगुंड
चुलाण, पुण्यामुंबईत मॅरिस पायपर मिळत नाही. इथे कुफरी चिप्सोना घ्यावा, पिठूळ असतो. शीतगृहातला गोडसर बटाटा मात्र नको: थंडीत स्टार्चची साखर होते आणि १८० वर रंग आधी काळपट चढतो, कवच नंतर. असा बटाटा आठवडा-दोन आठवडे बाहेर, सावलीत ठेवला की बराच सुधारतो.

पिठीसाखर
चिप्सपुरती माघार. ब्यर ब्लां मात्र नांतचंच.