स्त्री-अभ्यासात एम.ए. करून गोव्यातल्या मुलीला काय मिळणार?

कुळागर
भाची यंदा बी.ए. झाली. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात स्त्री-अभ्यासाला प्रवेश घ्यायचा म्हणते. परवा जेवताना भावजी म्हणाले, "बायका कशा जगतात हे शिकायला दोन वर्षं कशाला? घरात आजी आहे, तिला विचार." मला वाटतं तिने जावं. आजीला आजवर कोणी काही विचारलंच नाही, म्हणून तर हा विषय लागतो. तुमचं मत सांगा.

म्हापसेकर
भावजींचं बरोबर आहे. समाजशास्त्र, इतिहास, कायदा या सगळ्यांत बायका येतातच, मग वेगळा विभाग कशाला? आणि गोव्यात तर त्याची गरज सर्वांत कमी. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, इथे १८७० पासून लागू. लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा, मुलीला मुलाइतकाच हिस्सा. शशिकलाताई काकोडकर १९७३ साली मुख्यमंत्री झाल्या. शिवाय नोकरीचं काय?

साखळीची मास्तरीण
नोकरीपुरतं सांगते. नेट परीक्षेत हा विषय आहे, पण कॉलेजांत जागा थोड्याच. सोबत बी.एड. किंवा वकिली करावी. ही अडचण खरी आहे, ती झाकून मुलीला पाठवू नका.

कुळागर
मास्तरीणबाई, मान्य. तिला हे सांगेन.

म्हापसेकर, त्याच संहितेच्या पाठोपाठ १८८० चा हिंदू रूढींचा हुकूमनामाही आला. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा त्यात आहे. पण ते बाजूला ठेवू, हिश्श्याचंच बोलू. आजोबा गेल्यावर आई आणि दोन्ही मावश्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. बाबांनीही केली. मामांनी तिघींना साड्या दिल्या. ज्या कुळागरात आईने लहानपणी माडांना, पोफळींना शिंपणं केलं, ते त्या दिवशी तिचं राहिलं नाही. त्यावर ती चाळीस वर्षं अवाक्षर बोलली नाही. गेल्या पावसात एकदा म्हणाली, "मला कोणी विचारलं नव्हतं, कुठे सही करायची तेवढं दाखवलं."

मुलीचा हिस्सा संहितेत आहे, आईचं हे वाक्य तिथे नाही. भाऊ शेजारी बसलेला असताना बहीण एक सांगते आणि विहिरीवर दुसरं, हे कसं ऐकायचं, कसं नोंदवायचं, याची पद्धत शिकावी लागते. १९७४ साली केंद्र सरकारच्या समितीने हेच दाखवलं होतं: संविधानात समानता लिहिलेली असूनही लोकसंख्येत बायकांचं प्रमाण घटत होतं. त्याच वर्षी मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. कायदा वाचून न कळलेलं समजून घ्यायलाच हा विषय उभा राहिला.

म्हापसेकर
तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. तरी हे काम समाजशास्त्राचा विद्यार्थीही करू शकतो, यावर मी ठाम आहे.

पेडण्याची लेक
मीही सही केली आहे आणि आनंदाने केली आहे. भावाने आईबाबांना शेवटपर्यंत सांभाळलं. आईचं अंथरुणातलं सगळं वहिनीने काढलं. माहेरचं दार उघडं राहावं असं वाटणं म्हणजे अन्याय सोसणं नव्हे. अभ्यासवाले येतील आणि मला बिचारी ठरवतील, याचा मला राग येतो.

कुळागर
ताई, बिचारी कोणी ठरवू नये. एकच विचारतो. सही केली नसती, तर दार उघडं राहिलं असतं?

पेडण्याची लेक
नसतं राहिलं. पण म्हणून माझा आनंद खोटा होत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहिणार असाल तरच विचारा.

कुळागर
भाची तुमच्याशी बोलायला आली तर चालेल?

पेडण्याची लेक
येऊ दे. दुपारी जेवणं आटोपल्यावर, म्हणजे घरात मी आणि वहिनीच असू. वहिनीलाही विचारायला सांग. तिला तर कोणीच विचारलेलं नाही.