सिकलसेल: आधी जनुकसंपादन की आधी गावोगाव हायड्रॉक्सियुरिया?

मोहफूल
नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ची घोषणा झाली आणि तेव्हापासून गडचिरोलीतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच प्रश्न फिरतोय: सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं, नवं औषध कधी मिळणार? जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर आधारलेला हा उपचार दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेने विकसित केला आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवला. मला त्याचा अभिमान आहे. पण घोषणा झाली म्हणजे उपचार दवाखान्यात आला असं होत नाही, आणि तो येईपर्यंत जी मुलं कळांनी तळमळतील त्यांच्यासाठी औषध आजच उपलब्ध आहे.

माझं म्हणणं असं की पुढची काही वर्षं सरकारी पैसा आणि माणूसबळ दोनच गोष्टींवर लागलं पाहिजे. जन्मतःच तपासणी, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे सिकलसेलवरची स्वस्त कॅप्सूल. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या सहाशेवर मुलांवरचा हायड्रॉक्सियुरियाचा ‘रीच’ अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सुरू झाल्यावर वेदनेचे झटके निम्म्यावर आले, रक्त लावायची वेळ कमी आली, मृत्यूही घटले. मलेरियाचं प्रमाणसुद्धा जवळपास निम्मं झालं. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार ज्या जिल्ह्यावर आहे, तिथे याचा अर्थ काय हे मी वेगळं सांगायला नको.

आणि परदेशात मान्यता मिळालेलं जनुकसंपादन असो की हायड्रॉक्सियुरिया, दोन्हींचा रस्ता शेवटी एकच आहे. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन रक्तात वाढलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिलेली कॅसजेव्ही ही जनुकसंपादनाची उपचारपद्धती हे काम बीसीएल११ए या जनुकाचा रक्तपेशींमधला स्विच तोडून करते, अमेरिकेतल्या किमतीने २२ लाख डॉलर घेऊन, म्हणजे अठरा कोटींच्या वर. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल तेच हिमोग्लोबिन काही रुपयांत वाढवते.

अश्विनी_भंडारा
मोहफूल, माझा मुलगा एसएस आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेला रुग्ण. कॅप्सूल एकही दिवस चुकवली नाही. तरी क्रायसिस, म्हणजे वेदनेचे तीव्र झटके, येतात. मागच्या पावसाळ्यात छातीत इन्फेक्शन होऊन ऑक्सिजनवर होता, आणि आता खुब्याचं हाड झिजलंय असं सांगतात. त्याला नीट चालता येत नाही.

‘दोन्हींचा रस्ता एकच’ हे तुम्ही फार सहज लिहिलंत. औषधाने किती फायदा होतो हे माणसागणिक बदलतं, आणि माझ्या मुलाला तो पुरत नाही. त्याला मी काय सांगू, आधी सगळ्या जिल्ह्याला कॅप्सूल मिळू दे, मग तुझा नंबर? आदिवासी आणि दलित वस्त्यांतल्या आजाराच्या बाबतीतच ‘आधी साधं, मग मोठं’ हा नियम का लागतो? कर्करोगाच्या रुग्णाला कोणी म्हणतं का, की आधी सगळ्या गावांना पॅरासिटामॉल पोचू दे?

पुण्याचा_प्रयोगशाळावाला
अश्विनीताईंशी पूर्ण सहमत. किमतीचा मुद्दा तर मला मुळातच पटत नाही. अठरा कोटी ही कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत आहे, विज्ञानाची नव्हे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच पेशींत जनुकबदल करून त्या परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली, आणि परदेशात तीन-चार कोटींना मिळणारी गोष्ट इथे साधारण दहाव्या हिश्श्यात आली. वेल्लोरच्या सीएमसीने तीव्र हिमोफिलिया ‘ए’ (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच जणांवर जनुकोपचार केला. त्यांच्यातला रक्तस्राव थांबला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं. इथली माणसं, इथले रुग्ण. दहा वर्षांपूर्वी ‘आपल्याला हे परवडणार नाही’ म्हणून पैसा थांबवला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

१९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. म्हणजे आजार माहीत होऊन सहा दशकांवर काळ गेला. एवढ्या वर्षांत साधं औषध गावात पोचलं नाही, ते काय जनुकसंपादनाने पैसा खाल्ला म्हणून?

मोहफूल
नाही, जनुकसंपादनाने खाल्ला नाही. दुर्लक्षाने खाल्ला. पण आता २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, सात कोटी लोकांची तपासणी ठरली, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट आहे. कधी नव्हे ते लक्ष मिळालंय, आणि ते चमकदार गोष्टीकडे वळेल याची मला भीती आहे. तपासणी करून हातात कार्ड दिलं, पुढे काय? हायड्रॉक्सियुरियाने पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून ठरावीक काळाने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे नमुना कोण नेणार? अश्विनीताई, तुमच्या मुलाला नवा उपचार मिळू नये असं मी म्हणत नाही. रांगेत त्याच्या मागे जे आहेत त्यांना अजून पहिली कॅप्सूल मिळालेली नाही, एवढंच.

बालरोग_विदर्भ
मी रोज हेच रुग्ण बघते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणारं लिहिते.

मोहफूल, ‘रीच’मध्ये औषध न घेणारा तुलनेचा गट नव्हता. त्याच मुलांची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली होती. निष्कर्ष मला पटतात, पण हे सांगायला हवं होतं. आपल्याकडचा पुरावा हवा तर नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन यांच्या गटाने २०१२ मध्येच मुलांना किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम एवढ्या ठरावीक डोसवर ठेवून फायदा दाखवला होता. डोस कमी म्हणजे पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका कमी. दुर्गम भागासाठी हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता दुसरी बाजू. कॅसजेव्हीच्या चाचणीत ज्यांच्याकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं त्या ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र क्रायसिस आला नाही. हे विलक्षण आहे. पण त्यासाठी आधी रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढाव्या लागतात, कधी कधी अनेक फेऱ्यांत. मग बुसल्फान ही केमोथेरपी देऊन हाडांतली मज्जा रिकामी करतात, आणि नंतर कित्येक आठवडे वेगळ्या खोलीत राहावं लागतं. बुसल्फानमुळे वंध्यत्व येऊ शकतं. उपचार स्वस्त झाला तरी हे सगळं करणारी केंद्रं विदर्भात किती उभी राहतील? शिवाय ही चाचणी १२ वर्षांवरच्या आणि वारंवार तीव्र क्रायसिस येणाऱ्यांसाठी होती. सगळ्या एसएस मुलांना याची गरज नाही. अश्विनीताईंच्या मुलासारख्यांना मात्र आहे, आणि त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घाईबद्दलही एक सांगते. व्हॉक्सेलोटर हे सिकलसेलचं नवं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच ते जगभरातून मागे घेतलं, क्रायसिस आणि मृत्यूंबाबत काळजी निर्माण झाली म्हणून.

कोरकू_पोरगी
तुम्ही सगळे उपचारावर बोलताय. माझी मोठी बहीण फक्त एएस आहे, म्हणजे वाहक. तिला काही त्रास नाही. तरी कार्ड बघून दोन स्थळं परत गेली. मुलाची तपासणी करा म्हटलं तर त्यांना राग आला. जन्मतः तपासणी हवी, पण निकाल मुलीच्या कपाळावर चिकटतो याचं काय करणार, मोहफूल?

मोहफूल
लग्नाआधी दोघांचीही तपासणी, आणि दोघेही वाहक निघाले तरच समुपदेशन. वाहक मुलीचं, वाहकही नाही आणि रुग्णही नाही अशा मुलाशी लग्न झालं तर एसएस मूल होत नाही, हे आशाताईंनी घरोघरी सांगायला हवं. आज ते नीट सांगितलं जात नाही, हे मान्य. पण त्यासाठीही माणसंच लागतात, आणि माझी मागणी तीच आहे.

अश्विनी_भंडारा
माणसं लागतात ना, मग बुसल्फानबद्दल सांगायलाही लागतील. डॉक्टर, वंध्यत्वाचं आज पहिल्यांदा कळलं, आणि धक्का बसला. तरी मी माझं मत बदलत नाही. पण उद्या आपल्याकडे चाचणी सुरू झाली तर संमतीचा कागद माडिया, गोंडी, कोरकूत समजावून सांगणारं कोणी असेल का? आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या वतीने असा निर्णय आईबापांनी कसा घ्यायचा?

बालरोग_विदर्भ
वयात आलेल्या मुलाचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं. त्याहून लहान मुलांसाठी खात्रीचा मार्ग अजून नाही. चाचणीच्या आराखड्यात हा खर्च धरलाय का, हे नैतिक समितीला विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विचाराच.