'सुपरहिरो'ला मराठीत काय म्हणावं? (महामानव नको)

कोरापाना
मंडळी, अडलोय. एका दिवाळी अंकासाठी लेखाचा अनुवाद करतोय. विषय आहे अमेरिकन कॉमिक्सची सुरुवातीची वर्षं, १९३८ ते १९४१. सुपरमॅन, बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका, वंडर वुमन हे सगळे त्यात आहेत. मी सरसकट 'सुपरहिरो' ठेवलं होतं. संपादकांकडून मजकूर परत आला तो प्रत्येक ठिकाणी 'महामानव' करून. एक वाक्य आता असं झालंय: "दहा सेंटला मिळणाऱ्या त्या अंकाच्या मुखपृष्ठावर पहिला महामानव हिरवी मोटार डोक्यावर उचलून उभा होता."

हे माझ्या नावानं छापून यायला नको. 'महामानव' म्हटलं की महाराष्ट्रात एकच चेहरा समोर येतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर माणसं रांगा लावतात ती त्यांच्यासाठी. तो शब्द मोटार उचलणाऱ्याला देणं मनाला पटत नाही. मी 'अतिमानव' सुचवलं, तर ते जड वाटतं म्हणे. शनिवारी मजकूर द्यायचाय. काय लिहू?

खडूफळा
'महामानव'बद्दल पूर्ण सहमत. पण 'अतिमानव'ही नको, आणि तो जड आहे म्हणून नव्हे. तो शब्द आपल्याकडे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या 'उबरमेन्श'साठी बसलेला आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन मुलांनी जानेवारी १९३३ मध्ये स्वतःच काढलेल्या अंकात 'सुपरमॅन'ची पहिली गोष्ट छापली. त्यातला सुपरमॅन खलनायक आहे, लोकांची मनं वाचून जगावर सत्ता गाजवू पाहणारा. तिथे 'अतिमानव' अगदी चपखल बसेल. पाच वर्षांनी त्याच नावाचा जो आला, तो बरोबर त्याच्या उलट.

आणखी एक. ही दोघं ज्यू घरांतली मुलं. एप्रिल १९४० मध्ये एसएस या नाझी संघटनेच्या साप्ताहिकानं सीगलवर, तो ज्यू आहे यावरून, यथेच्छ गरळ ओकली होती. नाझींनी बळकावलेली कल्पना आणि तिचाच मराठी शब्द आपण त्यांच्या पोराला चिकटवायचा? मला ते फार खटकतं.

शब्दवेल्हाळ
मुळाकडे जाऊ या. 'सुपर' इतका परका नाही. लॅटिन 'सुपर', ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि' ही एकाच घरातली भावंडं. आपला 'वर' त्या 'उपरि'तूनच आला. आणि हिरो म्हणजे आपला वीरच. तेव्हा 'वरवीर' का नको? 'वरचढ' आहेच की भाषेत.

खडूफळा
पहिलं बरोबर, दुसरं नाही. 'वीर'चा भाऊ लॅटिन 'विर', म्हणजे पुरुष. 'हिरो' आला ग्रीक 'हेरोस'वरून. दोघांचं नातं नाही. आणि 'वरवीर' ऐकून लोकांना मांडवातला नवरदेव आठवेल.

शब्दवेल्हाळ
रक्ताचं नातं नसेल, अर्थाचं आहे. आमच्या गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळामागे, एक वीरगळ आहे. लहानपणी मी त्याच्यावर बसून चिंचा खाल्ल्यात. पुढे कुणीतरी तो वाचायला शिकवला: खालच्या चौकटीत लढाई आणि बाजूला गाईगुरं, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. खालून वर वाचायची चित्रकथाच ती, चौकटींसकट. गावासाठी एकटा उभा राहणारा माणूस आणि त्याची चौकटींत मांडलेली गोष्ट आपल्याकडे आठशे-हजार वर्षांपासून दगडात आहे. 'वीर' हा शब्द सोडायचं काही कारण मला दिसत नाही.

मधलीसुट्टी
किती सुंदर! चौकटींचं कधी लक्षातच आलं नव्हतं. पण वीरगळ मेलेल्याचा असतो ना? वीर धारातीर्थी पडतो, म्हणून त्याचा दगड उभा राहतो. सुपरहिरोची सगळी गंमत तो पुढच्या महिन्याच्या अंकात परत येण्यात आहे.

साधंसोपं
एवढा खटाटोप कशाला? 'सुपरहिरो' मराठीच आहे. सुपरहिरोला, सुपरहिरोंनी, सुपरहिरोपणा: विभक्ती लागली, प्रत्यय लागला, शब्द आपला झाला. टेबल आणि स्टेशनला आपण कधी पासपोर्ट विचारला? सहावीतल्या पोराला 'वरवीर' सांगून बघा.

शिवाय त्या काळात तरी 'सुपरहिरो' कुठे सरसकट म्हणत होते? १९३९-४० च्या सुमारास या मंडळींना 'मिस्टरी मेन' म्हणायचे. 'सुपर हिरो' हे तर पुढे डीसी आणि मार्व्हल या दोन कंपन्यांनी मिळून व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतलं होतं. ती नोंदणी अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाली. आत्ता कुठे शब्द मोकळा झालाय आणि आपण त्याला घराबाहेर काढतोय.

खडूफळा
टेबलाला मराठी शब्द नव्हता म्हणून 'टेबल' आला. इथे आपण शोधायच्या आधीच हात वर करतोय. 'लोक वापरतात' हे दर वेळी शेवटचं उत्तर कसं असेल? 'महापौर' आणि 'दिनांक'सुद्धा कुणीतरी घडवलेच ना, तेव्हा कुठे लोक वापरू लागले.

साधंसोपं
घडवले, आणि ते लोकांना गरजेचे वाटले म्हणून टिकले. घडवलेले पण न टिकलेले शब्द कितीतरी असतील, त्यांचा वीरगळ कुणी उभारत नाही.

कोरापाना
थोडं माझ्या अडचणीकडे वळतो. परवा सुपरमॅनची पहिली कथा पुन्हा वाचली, १९३८ ची. तेरा पानं आहेत. त्यात तो काय करतो? निरपराध बाईची फाशी थांबवायला रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो. लाच खाऊन देशाला युरोपातल्या भानगडीत ओढू पाहणाऱ्या सिनेटरच्या मागे लागतो. परग्रहावरचा राक्षस नाही, जग बुडत नाही. मंदीनं पिचलेल्या शहरातली रोजची दुखणी आहेत ही. पहिल्याच पानावर त्याची जी ओळख करून दिलीय तिचं मराठी मी "गांजलेल्यांचा कैवारी" असं केलं आणि पेन थांबलं. 'कैवारी'! ताकदीवरून नाव द्यायचंच कशाला, कामावरून द्यावं.

याच तेरा पानांसोबत सीगल-शुस्टरनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. १९७५ च्या अखेरीला, खूप बोभाटा झाल्यावर, त्यांना सालाना २० हजार डॉलर आणि अंकावर नाव मिळालं. कैवाऱ्याच्या जन्मदात्यांना सदतीस वर्षं कैवारी भेटला नाही. हे अनुवादताना माझा हात जड झाला होता.

मधलीसुट्टी
'कैवारी' फार आवडला. पण पहिल्या वर्षातल्या बॅटमॅनला शोभेल का? मे १९३९ च्या पहिल्या कथेत गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि हा म्हणतो, बरं झालं. तो कैवारी कमी आणि सूड घेणारा जास्त. आणि याचं श्रेय कितीतरी वर्षं एकट्या बॉब केनच्या नावावर होतं. त्याचा जोडीदार लेखक बिल फिंगर, त्याचं नाव २०१५ मध्ये लागलं. तो १९७४ मध्येच गेला होता.

कोरापाना, एक विचारते. सुरुवातीचा सुपरमॅन उडत नव्हता ना?

कोरापाना
नव्हता. उडी मारायचा, फार तर दोनशे मीटरची. ताकद समजावायला तिथे मुंगी आणि नाकतोड्याचा दाखला आहे. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते, नाकतोडा किती लांब झेपावतो, तसंच हे. खरं उडणं चाळीसच्या दशकात, रेडिओ आणि पडद्यावरच्या कार्टूनच्या काळात रुळलं. माझ्या मजकुरात "इमारतीवरून उडाला" असं झालं होतं आणि वाचणाऱ्याला उडी की उड्डाण हे कळेना. आपल्या 'उडणे'मध्ये दोन्ही आहेत. शेवटी 'झेप' केलं.

शब्दवेल्हाळ
आणि पाठीवरचं ते फडकं? त्याला काय म्हणालात? माझ्या मते 'शेला'.

मधलीसुट्टी
शेला पाठीवर बांधत नाहीत, खांद्यावर घेतात. उपरण्याचंही तेच. 'झूल' म्हणा.

शब्दवेल्हाळ
झूल बैलाची! पोळ्याला घालतात ती. त्यापेक्षा 'केप' बरा.

साधंसोपं
नोंद घ्यावी: 'केप' बरा, असं शब्दवेल्हाळ म्हणाले. 🙏 बाकी त्या पोशाखाला मात्र मराठी शब्द आहे. शुस्टरनं तो सर्कशीतल्या पैलवानांवरून उचलला. घट्ट कपड्यावरची ती आखूड चड्डी म्हणजे आपला मांडचोळणा. आमच्या तालमीत म्हातारे वस्ताद हाच शब्द वापरायचे.

तळकोकणी
उशिरा येतोय, पण एक गोष्ट सुटली. हा प्रश्न मराठीनं एकदा सोडवलेला आहे. फँटम! ली फॉकची ती चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात सुरू झाली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, हे सगळं तिथे आहे. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघाले आणि फँटम मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. कुणी 'छायापुरुष' केलं नाही, कुणी 'फँटम' ठेवलं नाही. आम्ही खोडरबर कोरून फँटमच्या अंगठीसारखा कवटीचा शिक्का केला होता, शाईत बुडवून भावाच्या गालावर उठवायचा. तीन दिवस निघाला नाही.

मधलीसुट्टी
पण तो वेताळ मला कायम चुकीचा वाटत आला! वेताळ म्हणजे चांदोबातला, झाडाला उलटा लटकणारा, विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा. डेंकालीच्या जंगलात घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? बंगालीतलं 'अरण्यदेव' किती नेमकं आहे बघा.

तळकोकणी
चांदोबातला वेताळ पुस्तकातला. आमचा वेतोबा गावातला. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला जाऊन बघा. पुरुषभर उंचीपेक्षा मोठी मूर्ती, आणि नवसाला काय वाहतात? केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला. एवढ्या मोठ्या, की एक उचलायला मला दोन हात लागले होते. तो रात्री गावाच्या शिवेवर फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. आता फँटमचं बिरुद आठवा: चालणारं भूत. पिढ्यान् पिढ्या तोच एक, कधी न मरणारा, रात्री पहारा देणारा. यापेक्षा जवळचा शब्द कुठून आणणार होतात? लहानपणी रात्री कुत्री भुंकायला लागली की आजी म्हणायची, "भियां नको, तो आपलो राखणदार आसा."

खडूफळा
'राखणदार'! हा कुणी का सुचवला नाही?

साधंसोपं
कारण राखणदार गावाचा असतो. कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये दुकानात आला, मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. त्याला राखणदार म्हणणार? तो शीव ओलांडून निघालाय.

तळकोकणी
आधीच ओळखून गेला असेल तर? राखणदार चोर घरात शिरायची वाट बघत बसत नाही.

शब्दवेल्हाळ
गोव्यातही बेताळ आहे ना, आमोण्याला? तिथेही चपला वाहतात का? कुणाला माहीत असेल तर सांगा. मला वेताळ, बेताळ आणि वेतोबा यांवर वेगळा धागा काढायचाय.

कोरापाना
मजकूर काल दिला. प्रास्ताविकात एकदा 'कैवारी' आणि पुढे सगळीकडे 'सुपरहिरो', असं ठरलं. 'महामानव' निघाला. मोटारीच्या वाक्याखाली मी फँटम आणि वेताळाबद्दल चार ओळी वाढवल्यात. तळकोकणी, तुमची ती चपलांची गोष्ट घातली तर चालेल ना? आणि त्या कुठे ठेवलेल्या असतात, मूर्तीच्या पायाशी की बाजूला? तेवढं नक्की सांगा, चित्रकाराला द्यायचंय.

तळकोकणी
जरूर घाला. मी लहान असताना बघितल्या त्या पायाशी होत्या. पण गणपतीत गावी जाणार आहे, परत बघून सांगतो.