अनुभव धागा : रोलर कोस्टर, आकाशपाळणे आणि आपल्याकडची पुढची राइड

पुण्याहून, धागा सुरू करताना

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात गेले होते. यंदा तिची उंची प्रवेशाच्या पट्टीपर्यंत पोहोचली, त्यामुळे ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र उभ्या राहिलो. ज्यांनी ही राइड घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की ती बिनतळाची आहे. आपण बसतो, छातीवरचा हार्नेस कुलूपबंद होतो आणि मग पायांखालचा लोखंडी फलाट अलगद बाजूला होतो. त्या क्षणी मुलीने पायांची बोटे आखडून घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारले, “आई, ही जमीन आपण येईपर्यंत परत लागेल ना?” पुढे सुमारे 130 फुटांवरून गाडी खाली आली, उलटीसुलटी झाली, मी ओरडले, ती ओरडली, पण घरी परतल्यावर तिने आजीला सांगितले ते फक्त त्या सरकलेल्या फलाटाबद्दल.

म्हणून हा धागा काढते आहे. थरारक राइडचा तुमच्या अंगात राहून गेलेला नेमका क्षण कोणता, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे. देशातली, परदेशातली, जत्रेतली, कोणतीही राइड चालेल. इमॅजिका एप्रिल 2013 मध्ये सुरू झाले, 2022 मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले, आणि तेव्हापासून आम्हा चाहत्यांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरत असतो, की ‘नायट्रो’च्या पुढचे पाऊल कोणते असेल? तुमचे तर्कही जरूर मांडा, मात्र ते का शक्य आहे किंवा का नाही, हेही त्यासोबत लिहा.

डोंबिवलीहून

माझ्या पिढीची सुरुवात खोपोलीला नव्हे, गोराईला झाली. एसेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले आणि आमची शाळेची सहल तिथे गेली तेव्हा मी सहावीत होतो. माझ्या लेखी ती सहल मार्वेच्या धक्क्यावरच सुरू झाली होती. बोटीच्या डिझेलचा वास, खाडीच्या कडेची तिवरे आणि पलीकडच्या झाडांच्या वर डोकावणारी राइडची लोखंडी कमान पाहून वर्गातली चाळीस मुले एकदम गप्प झाली होती. मी ‘झिपर डिपर’ या लहान कोस्टरमध्ये तीनदा बसलो. मोठ्या ‘हूला लूप’च्या रांगेतून मात्र दोनदा बाहेर पडलो. ती राइड घ्यायला मला कॉलेजचे दुसरे वर्ष उजाडावे लागले.

आता ते उद्यान बंद आहे. मुंबई परिसरातल्या लाखो मुलांनी आयुष्यातला पहिला उलटा फेरा जिथे घेतला, तिथल्या एखाद्या गाडीचा डबा तरी कुणी जपून ठेवायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. नवीन राइडबद्दल माझी अपेक्षा एवढीच, की तिच्यापर्यंत जाणारा रस्तासुद्धा त्या बोटीसारखा लक्षात राहावा.

कराडहून

मी अजून एकाही मोठ्या उद्यानात गेलेले नाही, तरी लिहिते. आमच्याकडे पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते आणि लहानपणी यात्रा म्हणजे भंडारा, रेवड्या आणि आकाशपाळणा. तेव्हाचा एक लाकडी पाळणा हाताने फिरवत असत. दोन माणसे वरच्या आडव्या दांड्यांवर चढत, त्यांना लोंबकळून अंगाचे वजन टाकत, आणि चाक खाली आले की उडी मारून पुन्हा चढत. आपण पाळण्यात बसलेलो असताना शेजारच्या दांडीवर माणूस उघड्या पायांनी उभा आहे, त्याची पोटरी आपल्या तोंडासमोरून वर जाते आहे, हे दृश्य मी विसरलेले नाही. वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो तो तिथे पहिल्यांदा आला. पाळणा जेमतेम दोन मजली घराएवढा असेल. उंचीचा आणि भीतीचा हिशेब दरवेळी जुळतोच असे नाही, हे मला त्या पाळण्याने शिकवले.

नाशिकहून

मी यंत्र अभियंता आहे आणि गेली वीस वर्षे या विषयाचे वेड आहे. आधी एक तक्रार. एका उद्यानात (नाव लिहीत नाही) आमची गाडी चढावर, अगदी माथ्याजवळ थांबली. वीस मिनिटे आम्ही आकाशाकडे तोंड करून बसलो होतो आणि त्या सगळ्या वेळात ध्वनिक्षेपकावरून एक वाक्यसुद्धा कुणी सांगितले नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या काकू रडू लागल्या. “काकू, गाडी मागे जाऊ शकत नाही, खालून जो कट-कट आवाज येत होता तो रॅचेटचा आहे, प्रत्येक दात्यावर गाडी अडकतेच,” असे मी त्यांना चार वेळा समजावले. हेच वाक्य कर्मचाऱ्याने एकदा उच्चारले असते तर डब्यातल्या सगळ्यांना धीर आला असता.

गाडी थांबणे हा बहुतेक वेळा बिघाड नसून बंदोबस्त असतो, हे लोकांना माहीत व्हावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रूळ टप्प्यांत विभागलेला असतो. एका टप्प्यात एकाच गाडीला जागा असते आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खात्री पटेपर्यंत यंत्रणा मागच्या गाडीला सोडत नाही. नव्या कोस्टरचे ब्रेक चुंबकी असतात. धातूची पट्टी चुंबकांमधून वेगाने गेली की तिच्यात विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि तेच गाडीला विरोध करतात. चुंबक कायमस्वरूपी असल्यामुळे वीज गेली तरी ते काम करतात, पावसातही करतात. कोकणाच्या वेशीवर राइड चालवायची असेल तर ही बाब फार मोलाची आहे.

उलट्या फेऱ्याचा आकारही निरखून पाहावा. तो पूर्ण गोल नसतो, तळाशी पसरट आणि माथ्याशी आवळलेला, पाण्याच्या थेंबासारखा असतो. 1895 मध्ये अमेरिकेतल्या कोनी आयलंडला पूर्ण गोल फेऱ्याची ‘फ्लिप फ्लॅप’ राइड सुरू झाली होती आणि तळाशी एकाएकी पडणाऱ्या जोरामुळे लोकांच्या माना दुखावत असत. थेंबाचा आकार 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘रेव्होल्यूशन’ राइडने रुळवला. तिच्यामागे वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याचे गणित होते. आज आपण उलटे होऊन हसत उतरतो ते या आकारामुळे.

एडिसन, न्यू जर्सीहून

आमच्या घरापासून तासाभराच्या आत जॅक्सनचे सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर आहे आणि तिथेही एक ‘नायट्रो’ आहे, 2001 सालची, 230 फूट उंचीची. खोपोलीची आणि ही, दोन्ही बॉलिगर अँड माबिलार्ड या एकाच स्विस कंपनीच्या आहेत, पण स्वभाव पूर्ण वेगळे. इथली उलटी होत नाही. ती एकामागून एक टेकड्या घेत जाते आणि प्रत्येक टेकडीवर अंग आसनापासून सुटते. या सुटण्याला चाहते एअरटाइम म्हणतात.

आमचा अभिमान होता ‘किंगडा का’. 2005 साली सुरू झालेली, 456 फूट उंच, साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर वेग घेणारी ती राइड त्या काळात जगातली सर्वांत उंच होती. फेब्रुवारी 2025 मध्ये तिचा मनोरा स्फोटकांनी पाडला आणि मला घरातले कुणी गेल्यासारखे वाटले. तरीही खरे सांगते, तीवरची माझी आठवण पुसट आहे. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपत असे आणि त्यातला बराचसा वेळ डोळे मिटलेले असत. त्याच उद्यानातली ‘एल तोरो’ ही 2006 सालची लाकडी कोस्टर तिच्या निम्म्याहून कमी उंचीची आहे, पण तिचा पहिला उतार 76 अंशांचा आहे आणि मांडीवर फक्त एक दांडा असतो. त्या उतारावर मी आसनावर नव्हतेच, दांड्याला मांड्या टेकवून हवेत होते. नवऱ्याने माझी ओढणी आधीच काढून पिशवीत ठेवायला लावली होती, ते किती योग्य होते हे तेव्हा समजले.

अबू धाबीहून

थोडक्यात लिहितो. फेरारी वर्ल्डमधल्या ‘फॉर्म्युला रोसा’त मी नऊ वेळा बसलो आहे. पाच सेकंदांच्या आत ताशी 240 किलोमीटर. डोळ्यांवर संरक्षक गॉगल बांधावा लागतो, कारण त्या वेगात वाळूचा कणसुद्धा खड्यासारखा लागतो. पहिल्या झेपेनंतरचा रूळ मात्र माझ्या लक्षात राहत नाही. रियाधजवळच्या किद्दियात उभारलेल्या ‘फाल्कन्स फ्लाइट’ने आता वेग आणि उंची दोन्हींत सगळ्यांना मागे टाकले आहे, तिचा आराखडा 195 मीटर उंचीचा आणि ताशी 250 किलोमीटरचा आहे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली, ती म्हणजे तुवैक डोंगराचा नैसर्गिक कडाच उतारासाठी वापरला आहे. आपल्याकडे तर सह्याद्रीचे कडे आहेत. खोपोलीच्या मागे एवढी भिंत उभी असताना सपाटीवरच खांब का रोवायचे? माझा तर्क असा, की पुढची मोठी राइड डोंगरावरून उतरेल.

खालापूर तालुक्यातून

अबू धाबीच्या मित्रांचा उत्साह मला समजतो, पण हा तर्क मला मान्य नाही आणि त्याचे कारण आमच्या तालुक्यातच आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी आणि इमॅजिका एकाच तालुक्यात आहेत. वाळवंटातला कडा आणि चार महिने पाणी पिणारा आमचा कडा यांची तुलना होऊ शकत नाही. इथे डोंगरात पाया खणायचा म्हणजे वरचा मुरूम मोकळा करायचा. मी स्वतः राइडचा भक्त आहे, इमॅजिकातल्या ‘डीप स्पेस’ या बंदिस्त कोस्टरच्या काळोखात गाडी एकदम सुटते तेव्हा दरवेळी माझ्या काळजाचा ठोका चुकतो, पण खेळासाठी डोंगराला हात लावू नये, एवढीच कळकळीची विनंती आहे.

बर्मिंगहॅमहून

वरचे दोन प्रतिसाद वाचून लिहायला बसले, कारण यातून सुटण्याची एक वाट इंग्लंडमध्ये तीस वर्षांपूर्वी निघालेली आहे. स्टॅफर्डशायरमधल्या आल्टन टॉवर्स या उद्यानावर निर्बंध आहे की कोणतीही राइड झाडांच्या शेंड्यांच्या वर दिसता कामा नये. राइडचे रचनाकार जॉन वॉर्डली यांनी तिथल्या ‘नेमेसिस’ या कोस्टरची कल्पना केली तेव्हा वर जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी खाली जायचे ठरवले. खडक फोडून खड्डे केले आणि रूळ त्यांत उतरवला. 1994 साली सुरू झालेली ही राइड जमिनीच्या वर जेमतेम 13 मीटर आहे.

ती टांगती राइड आहे, म्हणजे रूळ डोक्यावर आणि पाय मोकळे. मी ऑक्टोबरमध्ये, पावसाच्या भुरभुरीत, पहिल्या रांगेत डावीकडच्या कडेच्या आसनावर बसले होते. गाडी वळली आणि ओल्या खडकाची भिंत बुटांच्या इतकी जवळ आली, की मी गुडघे पोटाशी घेतले. खडकावरचे शेवाळ दिसले, त्यातून झिरपणारे पाणी दिसले, आणि खाली लाल रंग मिसळलेल्या पाण्याचा ओहोळ दिसला. वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे द्रुतगती मार्गावरच्या आपल्या गाडीपेक्षाही कमी. पण मोकळ्या आकाशात वेग मोजायला जवळ काहीच नसते; भिंत जवळ आली की डोळ्यांना वेग दिसतो. लोकांचा जीव या राइडवर इतका जडला आहे, की 2022 च्या अखेरीस ती बंद करून बहुतेक सगळा रूळ बदलला, आणि मार्च 2024 मध्ये त्याच खड्ड्यात, त्याच वळणांसह ती पुन्हा सुरू केली.

कराडच्या ताईंनी तोंडासमोरून जाणाऱ्या पोटरीचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना मला हा खडक आठवला.

पुण्याहून, पुन्हा

बर्मिंगहॅमचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. ती लगेच म्हणाली, की मग वाघोलीच्या खाणीत का नाही करत? खालापूरकरांचा आक्षेप मला पूर्ण पटतो, डोंगर नको. पण पुण्याभोवती, वाघोलीकडे आणि मोशीकडे, दगडखाणींनी आधीच खोदून ठेवलेले खड्डे आहेत. तिथे काळ्या बेसॉल्टच्या उभ्या भिंती तयार आहेत आणि त्या आपल्याच शहराच्या खडीसाठी फोडलेल्या आहेत. नवा खड्डा खणण्याची गरज नाही. नाशिकच्या अभियंत्यांनी यावर मत द्यावे.

नाशिकहून

कल्पना विचार करण्याजोगी आहे. सुरुंगांनी हादरलेली भिंत आधी तपासावी लागेल, सैल दगड काढून जाळ्या बसवाव्या लागतील आणि रूळ भिंतीपासून ठरावीक अंतरावरच ठेवावा लागेल. हात पसरले तरी स्पर्श होणार नाही इतके मोकळे अंतर प्रत्येक राइडला राखावेच लागते. आवाजाचा प्रश्नही येईल, कारण वाघोलीला आता खाणींच्या कडेपर्यंत वस्ती आली आहे. त्यावर जुना उपाय आहे: रुळाची पोकळ पोलादी पेटी वाळूने भरली की घरघर बरीच कमी होते. माझी मुख्य शंका पाण्याची आहे. बंद खाणी पावसात तळी होतात. उपसा किती आणि कुठे करायचा, हे कळल्याशिवाय पुढचे काही बोलता येणार नाही.

वाघोलीहून

आमच्या गच्चीवरून एक बंद खाण दिसते, म्हणून माहिती देते. जुलैच्या मध्यापर्यंत तिच्यात पाणी साठते आणि ते साधारण होळीपर्यंत टिकते. पश्चिमेकडची भिंत सरळ आहे, पूर्वेकडून जुना ट्रकचा रस्ता तळापर्यंत उतरतो. संध्याकाळी ऊन त्या सरळ भिंतीवर पडते तेव्हा सुरुंगाच्या छिद्रांच्या उभ्या रेषा वरून खालपर्यंत मोजता येतात. यंदा पहिल्या पावसापासून दर रविवारी त्याच जागेवरून पाण्याच्या पातळीचा फोटो काढते आणि इथे देत जाते.